एकच पंखा, दोन ऋतू

टेक्सस, ॲरिझोना, जॉर्जिया अशा अमेरिकी राज्यांतल्या अनेक घरांमागे, सिमेंटच्या चौथऱ्यावर किंवा थेट छतावर, पत्र्याची एक मोठी पेटी बसवलेली असते. उन्हाळ्यात ती घर गार करते, हिवाळ्यात गरम. गार करायला वीज आणि गरम करायला नळाने येणारा गॅस, अशी तिची दुहेरी व्यवस्था. तिथले कारागीर तिला ‘गॅस पॅक’ म्हणतात. या भागांत घरांना तळघर क्वचितच असते. त्यामुळे हीटरची भट्टी एकीकडे आणि एसीचे यंत्र दुसरीकडे ठेवण्याऐवजी सगळा संसार एका पेटीत बसवून तो घराबाहेर काढला जातो. आत येतात ते फक्त दोन मोठे डक्ट: एक घरातली हवा ओढून नेणारा, दुसरा तीच हवा गार किंवा गरम करून परत आणणारा. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा आणि त्यांच्याकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचा या पेटीशी रोजचा संबंध असतो, पण ओळख होते ती बहुधा ती बंद पडल्यावर, आणि तीही दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातून.

बंद पेटीविषयी अंदाज बांधण्याची एक रूढ रीत आहे. उन्हाळ्यात घर गार होत नसेल तर आतला रेफ्रिजरंट गेला. हिवाळ्यात गरम होत नसेल तर बर्नर गेला किंवा गॅसचा व्हॉल्व्ह गेला. ही दोन स्वतंत्र यंत्रे आहेत आणि जागेअभावी शेजारी राहतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. गार करणारा भाग आणि गरम करणारा भाग वेगळे आहेत हे खरे, पण दोघांचा पंखा एक, फिल्टर एक, डक्ट एक, थर्मोस्टॅट आणि बहुतेक वेळा नियंत्रण बोर्डही एकच. जे समाईक आहे ते बिघडले की तक्रार दोन्ही ऋतूंत येते, फक्त तिचे रूप बदलते. म्हणून तपासणी आधी हवेची, मग पाण्याची आणि विजेची, आणि गॅस व रेफ्रिजरंटची सर्वांत शेवटी करावी. हा क्रम काटकसरीसाठी बरा आहेच, पण त्याचे खरे कारण यंत्राच्या रचनेत आहे.

ही रचना समजायला हवेचा प्रवास पाहावा. घरातली हवा जाळीतून आत ओढली जाते, फिल्टरमधून गाळली जाते, मग गार कॉइलवरून जाते, मग ब्लोअरमध्ये म्हणजे पंख्यात शिरते, तिथून हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवरून पुढे ढकलली जाते आणि डक्टमधून खोल्याखोल्यांत पोहोचते. साधारण रचना अशीच असते. उन्हाळ्यात कॉइल काम करते आणि नळ्या गप्प असतात, हिवाळ्यात उलटे. हवा मात्र बारा महिने दोन्हींवरून जाते. ती किती लागते? एसीच्या एका टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट, हा या धंद्यातला ठरलेला हिशेब आहे. (एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता काढून टाकण्याची ताकद, एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते त्यावरून हे माप आले.) तीन टनांच्या यंत्राला मिनिटाला १२०० घनफूट हवा लागते. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली दर मिनिटाला रिकामी करून पुन्हा भरावी, इतकी ही हवा आहे. आणि ती सगळी एका फिल्टरमधून जायची असते.

आता हा फिल्टर धुळीने भरला असे समजा. उन्हाळ्यात कॉइलवरून पुरेशी उबदार हवा जात नाही, कॉइलचे तापमान शून्याखाली उतरते, तिच्यावर साठलेल्या दवाचा बर्फ होतो, बर्फामुळे हवा आणखी अडते, आणि शेवटी यंत्र तासन्तास चालूनही घर तापलेलेच राहते. हिवाळ्यात तोच फिल्टर नेमका उलटा परिणाम करतो. बर्नरची उष्णता वाहून न्यायला हवा अपुरी पडते, नळ्या फाजील तापतात, लिमिट स्विच गॅस तोडतो, पंखा फिरत राहतो, नळ्या निवल्या की बर्नर पुन्हा पेटतो, आणि घरातल्यांना कधी गरम तर कधी गार वारा लागतो. एकदा बर्फ, एकदा अतितापणे. बाहेरून या दोन अगदी विरुद्ध तक्रारी दिसतात, पण कारण पुठ्ठ्याच्या चौकटीतला तोच एक मळका कागद. कोणी जुलैमध्ये रेफ्रिजरंट भरून घेतला आणि जानेवारीत लिमिट स्विच बदलला, तरी फिल्टर तसाच असेल तर दोन्ही खर्च वाया गेले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे म्हणणे आहे की तुंबलेला फिल्टर बदलला तर एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते. वाचलेल्या विजेपेक्षा मला न झालेल्या दुरुस्त्या जास्त मोलाच्या वाटतात.

हवा अडवणारा फिल्टर एकटाच नसतो. न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांतले व्हेंट बंद केले की बिल कमी येते, अशी समजूत आपल्याकडच्या काटकसरी मंडळींत चांगलीच रुजलेली आहे. खोलीतला दिवा मालवल्याने वीज वाचते, तसे हे होत नाही. पंखा आणि कॉइल संपूर्ण घराच्या मापाने बसवलेले असतात. चार तोंडे बंद केली की डक्टमधला दाब वाढतो, हवा फटींतून गळते आणि उरलेली कॉइलला पुरत नाही. एरवीही सर्वसाधारण घरात डक्टमधल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते, असे एनर्जी स्टार हा तिथला सरकारी कार्यक्रम सांगतो. त्यात आपण भर कशाला घालावी? आणि ‘जितका दाट फिल्टर तितकी हवा शुद्ध, मग उत्तमच घ्यावा’ हा आक्षेप? फिल्टरची गाळण्याची ताकद मर्व्ह या अंकाने सांगतात, आणि १३ अंकाचा फिल्टर धुराचे सूक्ष्म कणही बऱ्यापैकी अडवतो. दम्याचा रुग्ण घरात असेल तर तो हवाच. पण एक इंच जाडीच्या चौकटीत असा फिल्टर कोंबला तर अनेक पंख्यांना तो झेपत नाही. त्यासाठी चार-पाच इंच जाडीची, घड्या घातलेली चौकट बसवून घ्यावी, म्हणजे कागदाचे क्षेत्रफळ वाढते आणि हवा अडत नाही. हवेचे प्रमाण कायम राखणाऱ्या नव्या मोटारी अडथळा आला की आपणहून वेग वाढवतात. त्यांच्यामुळे दोष दिसत नाही. तो विजेच्या बिलात जातो.

हिवाळ्यातली पेटी पेटण्याची पद्धत मात्र निवांतपणे समजून घेण्यासारखी आहे, कारण निदानाची निम्मी विद्या तिच्यातच आहे. थर्मोस्टॅटने २४ व्होल्टच्या तारेवरून उष्णता मागितली की बोर्ड लगेच गॅस सोडत नाही. आधी एक छोटा पंखा सुरू होतो. जळलेला वायू बाहेर टाकण्यासाठी नळ्यांत ओढ निर्माण करणे हे त्याचे काम. ओढ पुरेशी आहे हे प्रेशर स्विचने कबूल केले की मग इग्नायटर लाल होतो किंवा ठिणगी पडते. त्यानंतर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि काही सेकंदांत ज्योत लागल्याचा पुरावा फ्लेम सेन्सरला द्यावा लागतो. हा सेन्सर म्हणजे ज्योतीत धरलेली धातूची एक सळई. ज्योतीतून अगदी क्षीण वीजप्रवाह एकाच दिशेने वाहू शकतो, काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याइतका. तो बोर्डापर्यंत पोहोचला तरच गॅस चालू राहतो. मोठा ब्लोअर सुरू होतो तो नळ्या तापल्यावर, साधारण अर्ध्या मिनिटाने. यंत्र या साखळीत कुठे थांबले ते पाहिले की दोष कुठे शोधायचा ते कळते. छोटा पंखाच फिरला नाही तर थर्मोस्टॅट, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर किंवा ती मोटर. पंखा फिरला पण पुढे काहीच नाही, तर प्रेशर स्विच आणि त्याची रबरी नळी, किंवा धूर बाहेर पडण्याच्या वाटेत पक्ष्याचे वा गांधीलमाशीचे घरटे. इग्नायटर तापला पण ज्योत नाही, तर गॅसचा पुरवठा. आणि ज्योत लागून तीन-चार सेकंदांत विझली, पुन्हा लागली, पुन्हा विझली, तर बहुधा सळईवर बसलेला पातळ थर. तो बारीक स्टील वूलने पुसला की अनेकदा काम भागते. काही प्रयत्न फसल्यावर बोर्ड स्वतःला कुलूप लावून घेतो आणि त्याच्यावरचा छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. तो वाचायच्या आधीच सुटे भाग मागवणारे लोक पाहून आश्चर्य वाटते.

या साखळीतून आणखी एक गोष्ट कळते. गॅसवर चालणारी पेटी विजेशिवाय चालत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससवर आलेल्या हिमवादळात ४५ लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली, आणि गॅसची जोडणी असूनही ही यंत्रे गप्प राहिली. बोर्ड, पंखा, व्हॉल्व्ह सगळ्यांना वीज लागते. घर गरम ठेवण्यासाठी लोकांनी कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या, बंद गॅरेजमध्ये गाड्या आणि जनरेटर चालवले, आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली. या वायूला वास नाही. नळाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, पण अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या या वायूची अशी सोय नाही. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने दरवर्षी ४०० हून अधिक माणसे मरतात, असे तिथले रोगनियंत्रण केंद्र सांगते. पेटी घराबाहेर असल्याने तळघरातल्या भट्टीपेक्षा धोका कमी, हे मान्य. तरी हीट एक्स्चेंजरला तडा गेला तर जळलेला वायू त्याच डक्टमधून शयनगृहात येऊ शकतो. मोठा पंखा सुरू होताच ज्योत हलू लागली किंवा पिवळी पडली, तर तड्याचा संशय घ्यावा आणि यंत्र बंद ठेवावे. लिमिट स्विच, प्रेशर स्विच आणि ज्योत बर्नरच्या कप्प्याबाहेर आल्यावर सुटणारा रोलआउट स्विच, यांपैकी कोणताही स्विच तार जोडून टाळू नये. ‘एक रात्र निभावून नेऊ’ असे म्हणत हे करणारे असतात, आणि त्या रात्री पेटी चालतेही. पण ती का थांबली होती हे मग कोणालाच कळत नाही.

पाण्याच्या तक्रारी साध्या वाटतात, पण या पेटीत त्यांना एक पीळ आहे. दमट हवेतले बाष्प कॉइलवर पाणी होऊन खालच्या ताटात पडते आणि नळीतून बाहेर जाते. कॉइल पंख्याच्या अलीकडे, म्हणजे ओढीच्या बाजूला असल्याने त्या नळीला वाकवून पाण्याचा ट्रॅप ठेवावाच लागतो. तो नसेल किंवा सुकला असेल तर पंखा नळीतून बाहेरची हवा आत ओढतो, पाणी ताटातच तुंबते आणि पेटीत सांडते. शेवाळाने नळी चोंदली तरी तेच. काही ठिकाणी ताटात तरंगता स्विच बसवतात, पाणी वर आले की तो एसी बंद करतो, आणि कॉम्प्रेसर गेला असे समजून घरमालक घाबरतो. याहून लांबचा परिणाम हिवाळ्याच्या बाजूवर होतो. गार झालेली हवा चार-पाच महिने त्या नळ्यांवरून जात असते, नळ्यांच्या आत बाहेरची दमट हवा असते, त्यामुळे आतल्या बाजूला दव धरते आणि साध्या पत्र्याच्या नळ्या गंजतात. भर उन्हाळ्यात गरम करणाऱ्या भागाचे आयुष्य घटत असते. किनाऱ्यालगतच्या दमट गावांत नवी पेटी घेताना स्टेनलेस स्टीलच्या एक्स्चेंजरसाठी जास्त पैसे मोजणे मला शहाणपणाचे वाटते. ॲरिझोनाच्या वाळवंटात तितके नाही.

इथे कोणी जाणकार म्हणेल की सगळे हवेवर आणि पाण्यावर ढकलून चालणार नाही; भर दुपारी बंद पडलेल्या पेट्यांत कितीदा तरी निव्वळ कपॅसिटर गेलेला असतो. खरे आहे. कॉम्प्रेसरला आणि बाहेरच्या पंख्याला सुरू व्हायला आणि फिरायला मदत करणारा हा डबा उष्णतेने फुगतो आणि निकामी होतो, फिल्टर कितीही स्वच्छ असला तरी. टेक्ससमध्ये फायर ॲन्ट नावाच्या तांबड्या मुंग्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या स्विचच्या, पट्ट्यांमध्ये शिरून चिरडतात आणि विजेचा संपर्क तोडतात. तिथेही हवेचा दोष नाही. वीज हवेच्या लगोलग तपासावी असे मी म्हणतो ते यासाठीच. तरी हेही पाहावे की बाहेरची कॉइल गवताने, कापसासारख्या बियांनी आणि धुळीने माखली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही, आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त प्रवाह खेचतो आणि सगळे विजेचे भाग तापतात. वर्षातून एकदा वीज तोडून, साध्या नळीने, हलक्या धारेने ही कॉइल धुणे आणि पेटीभोवती दोन फूट जागा मोकळी ठेवणे, एवढे घरमालकाने करावे. कपॅसिटरला मात्र हात लावू नये. वीज तोडल्यावरही त्यात धक्का देण्याइतका भार साठून राहतो.

रेफ्रिजरंट शेवटी ठेवला याचे कारण तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. दर उन्हाळ्यात ‘थोडा भरून’ देण्याची जी रीत महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतही चालते, ती गळती न शोधता पैसे घेण्याची रीत आहे. अमेरिकेत १९९० साली सुधारलेल्या स्वच्छ हवा कायद्याच्या ६०८व्या कलमाखाली प्रमाणपत्र घेतलेल्या तंत्रज्ञालाच हे काम करता येते. आर-२२ या जुन्या रेफ्रिजरंटचे उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून तिथे थांबली. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०एवर चालणाऱ्या नव्या घरगुती पेट्यांचे उत्पादनही २०२५च्या सुरुवातीपासून बंद झाले. आता आर-४५४बी आणि आर-३२ आले आहेत. हे दोन्ही किंचित ज्वलनशील असल्याने नव्या पेट्यांत अनेकदा गळती ओळखणारा सेन्सरही असतो. एकासाठी बनवलेल्या यंत्रात दुसरा भरता येत नाही. जुन्या पेटीची कॉइल मोठी गळत असेल तर दुरुस्तीपेक्षा बदलणे परवडेल का, हा हिशेब इथेच करावा लागतो.

राहिला प्रश्न वर्षाला दोन भेटी देणाऱ्या सर्व्हिस कंत्राटाचा. वसंतात गार बाजू आणि शरदात गरम बाजू तपासून घ्यावी हे तत्त्व योग्य आहे. पण पाच मिनिटांत पत्रा उघडून, पाण्याचा फवारा मारून, ‘सर्व ठीक’ अशी टीप सोडून जाणाऱ्या भेटीला काही किंमत नाही, आणि हा धंदा भीतीवर चालतो असे म्हणणाऱ्यांचे पुष्कळसे खरे आहे. यावर उपाय म्हणजे आकडे मागणे. घरातून जाणारी आणि घरात येणारी हवा यांच्या तापमानातला फरक उन्हाळ्यात साधारण १५ ते २० फॅरनहाइट अंश, म्हणजे ८ ते ११ सेल्सिअस अंश असतो. हवा फार दमट असेल तर थोडा कमी. तो बराच जास्त आला तर यंत्र जोरात चालले आहे असे समजून खूश होऊ नये, हवा कमी पडते आहे. हिवाळ्यातला फरक किती असावा त्याची मर्यादा पेटीवरच्या पट्टीवर छापलेली असते. डक्टमधला दाब, नैसर्गिक गॅसचा बर्नरकडे जाणारा दाब (बहुतेक पेट्यांत पाण्याच्या साडेतीन इंच उंचीएवढा), फ्लेम सेन्सरचा प्रवाह आणि कपॅसिटरचे माप, हे आकडे तंत्रज्ञाने मोजले असतील तर त्याला ते कागदावर उतरवायला दोन मिनिटे लागत नाहीत. दरवर्षीचे कागद एकाखाली एक ठेवले की यंत्र कुठे घसरते आहे ते बंद पडण्याच्या आधी दिसते. पुढच्या भेटीला पैसे देण्यापूर्वी हे आकडे लिहून मागा. जो देणार नाही त्याचे कंत्राट चालू ठेवू नका.